गंज घासून ठेवजो

लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गुरुकुंजात, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात जाऊनच करायची, हा आईचा नेम; घरी पाहुणे असोत की बाहेर आषाढ कोसळत असो. त्या दिवशीही ती निघाली. दारात चप्पल सरकवता सरकवता आत तोंड करून म्हणाली, "पोरी, मी येईस्तोर तेवढा गंज घासून ठेवजो वं."

हे वाक्य मोझरीतल्या, तिवशातल्या, फार काय अकोल्यापर्यंतच्या कोणत्याही सुनेला सांगितलं असतं, तर काही घडलं नसतं. तिनं मुकाट ओट्यावरचा दुधाचा गंज उचलला असता, तळाची खरवड काढली असती आणि धुऊन पालथा घातला असता. गंज म्हणजे आमच्याकडं पातेलं. दुधाचा गंज असतो, वरणाचा गंज असतो, पाहुणे आले की माळ्यावरून उतरवायचा मोठा गंज असतो. पण बायको चिंचवडची. तिकडं गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो. त्यातून माझे सासरे तिथल्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात. सुट्या भागावर तांबूस ठिपका दिसला की तो भाग बाजूला फेकायचा, हे त्यांनी बत्तीस वर्षं केलं. ज्या घरात रात्रीच्या जेवणाला गंज हा तोंडी लावायचा विषय होता, त्या घरातली ही मुलगी. सासूनं सांगितलेलं पहिलंच स्वतंत्र काम, आणि तेही वडिलांच्या धंद्यातलं. ती पदर खोचून उठली.

आधी तिनं गंज शोधला. स्टीलच्या डब्यांना तो नव्हता. खिडकीच्या गजांना होता, पण तो सासूनं मुद्दाम सांगावा इतका नव्हता. मग चुलीच्या बाजूला खिळ्याला अडकवलेला तवा तिला दिसला. बिडाचा, दोन कानांचा, मधे किंचित खोलगट. आणि काळा. साधा काळा नव्हे. म्हशीच्या पाठीसारखा तुकतुकीत, बोट लावलं तर बोट घसरावं असा. तिच्या म्हणण्याप्रमाणे एवढा जुना आणि एवढा जाड गंज तिनं जन्मात पाहिला नव्हता. सासूबाई दृष्टीनं अधू झाल्या असाव्यात, अशी तिला दया आली.

तारेच्या घासणीनं तो हलेना. मग तिनं चुलीतली राख घेतली, वर धुण्याचा सोडा घेतला. तरी हलेना, तेव्हा माझ्या सायकलच्या पंक्चरच्या डबीतला पॉलिश पेपर शोधून काढला. बुद्धिमान बाई. दीड तासानं तवा असा चकाकायला लागला की त्यात भांग पाडता यावा. तो तिनं ओट्याच्या मधोमध, दिव्याखाली, भिंतीला टेकून उभा केला. शेजारी दुधाचा गंज सायीसकट तसाच होता.

मी अमरावतीहून एसटीनं उतरलो आणि आई प्रार्थनेहून आली, दोघं एकदमच उंबरठ्यात. बायकोनं हसून ओट्याकडं बोट केलं.

तुकडोजी महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला सारं गुरुकुंज जिथल्या तिथं उभं राहतं आणि मौन पाळतं. एवढा मोठा समाज इतका गप्प होऊ शकतो हे मी लहानपणापासून पाहत आलो. पण एकट्या बाईचं एवढं मोठं मौन मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं.

मग आई म्हणाली, "नागडा केला वं तवा."

तिला रागावताही येईना. ज्या जिल्ह्यात शेंडगावच्या गाडगेबाबांनी जन्मभर हातातला खराटा सोडला नाही, यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेचे ४१ अध्याय लिहून वर स्वतः गावं झाडली, त्या जिल्ह्यात सुनेनं भांडं घासलं म्हणून तिला कोणत्या तोंडानं बोलायचं? आई फक्त तव्याजवळ गेली, पाळण्यातल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा हात तिनं त्यावरून फिरवला, आणि आत जाऊन पडली.

या तव्याचा इतिहास सांगायला हवा. तो माझ्या आजीनं कौंडण्यपूरच्या यात्रेतून आणला. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, आमच्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. तिथून श्रीकृष्णानं रुक्मिणी पळवली आणि आजीनं घासाघीस करून तवा. आजीकडून तो आईकडं आला. या तव्यावर भाकर कधी टाकली गेली नाही, कारण आमच्याकडं भाकरीचा तवा वेगळा. भाकरीला तवा कोरडा लागतो, धिरड्याला आणि आयत्यांना तेल प्यालेला. भाकरीच्या तव्याशी कसंही वागा, तो गरीब स्वभावाचा असतो. धिरड्याचा तवा मानी. त्याला पाणी दाखवायचं नाही, साबण तर नाहीच. काम झालं की गरम असतानाच फडक्यानं पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, खिळ्याला टांगायचा. त्याच्यावर टोमॅटो-चिंचेचं आंबट काही करायचं नाही. तापलेल्या तव्यावर गार पाणी तर शत्रूनंही ओतायचं नाही. हे सगळे नियम आईला पाठ होते, फक्त त्यांना नियम म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सुनेला सांगितले नाहीत. श्वास कसा घ्यायचा हे कोणी सुनेला सांगतं का?

आता त्या काळ्यात होतं काय, ते. बहुतेकांना वाटतं काजळी. काही जण म्हणतात जुनं तेल. दोन्ही नाही. खाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात लोखंडावर फिरवला आणि तो चांगला तापवला की तेलाचे कण एकमेकांत गुंततात आणि त्यांचं कडक, चिवट कवच होतं. सुतार लाकडाला जवसाच्या तेलाचा हात देतात आणि तो वाळून चकाकतो, त्याच जातीचा हा प्रकार. फक्त इथं ते काम आच लवकर करते. हे कवच मग पाण्यानं जात नाही आणि हवेतला ओलावा लोखंडापर्यंत जाऊ देत नाही. एका धिरड्यानं एक पापुद्रा. आजी, आई, मधले दुष्काळ, श्राद्धं, मंगळागौरी, आखाडातली तळणं, अशी सगळी मिळून साठ-एक वर्षांची धिरडी त्या तव्यावर चढली होती. चिंचवडनं ती दीड तासात उतरवली.

आणि बिडाचं उघडं लोखंड आषाढातल्या हवेत रात्रभर राहिलं तर काय होतं, ते सकाळी कळलं. तवा केशरी झाला होता. बायको ओट्यासमोर उभी राहून रडकुंडीला आली. "अहो, मी काढला होता सगळा! परत आला!" आईनं एवढ्यात पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. काल तिनं नक्की काय ऐकलं होतं, हे आईच्या तेव्हा लक्षात आलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग ओट्यावरचा दुधाचा गंज उचलून सुनेपुढं धरला. "हा गंज वं माय. हा."

बातमी आळीत पोचायला प्रार्थनेइतकाही वेळ लागला नाही. दुपारी पाच-सहा बाया जमल्या. आजारी माणसाला पाहायला येतात तशा प्रत्येकीनं तवा उलटासुलटा करून पाहिला, च्‌च्‌ केलं आणि आपापलं औषध सांगितलं. एकीचं म्हणणं सरकीचं तेल लावा. वऱ्हाडातला तवा, त्याला कपाशीचंच मानवणार. दुसरी म्हणाली करडई. तिसरी जवस. चौथीनं अर्धा कांदा तेलात बुडवून घासायला सांगितलं, जणू तव्याला ऊन लागलं होतं. पाचवी गप्प होती, तिनं जाताना हळूच सुचवलं की दृष्ट काढा.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो इतका उत्साहात आला की मला आमच्या तव्याची असूया वाटली. त्याच्याकडंही बिडाचा एक तवा आहे, तिकडच्या टेनेसी राज्यातला. त्या राज्यात साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावात १८९६ पासून बिडाची भांडी ओतणारा कारखाना आहे, आणि तिथले लोक आजीचा तवा नातीला असं वारसाहक्कानं ठेवतात म्हणे. "अरे, तव्याचं सीझनिंग गेलं," तो ओरडून सांगत होता. फोन मोठ्या आवाजावर. आईनं आतून विचारलं, "कोनाचं शिझर झालं?" त्यानं मग पुष्कळ शास्त्र सांगितलं. तिकडं काही वर्षांपूर्वी जवसाच्या तेलाचं फार खूळ होतं. आपल्याकडं शेतकरी ज्याची चटणी करून खातो ते जवस तिथं चिमुकल्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवून, तव्याला चोळायला विकतात. जवसाचं कवच लवकर कडक होतं खरं, पण जाड लावलं तर पापुद्र्यासारखं सुटतं. जुनी अमेरिकन माणसं याकरता डुकराची चरबी वापरत, हेही त्यानं सांगितलं. गुरुकुंजाच्या हाकेच्या अंतरावर उभं राहून मी ते कोणालाच सांगितलं नाही.

शेवटी आईनं कोणाचंच ऐकलं नाही. चिंच आणि मिठानं तिनं केशरी थर काढला, तवा धुतला आणि लगेच चुलीवर कोरडा केला. मागच्या खोलीत कपाशीच्या पऱ्हाट्या कोरड्या ठेवल्या होत्या, त्या पेटवल्या. पऱ्हाटीची आच मोठी भाबडी. भसकन पेटते, लगेच मऊ होते. तव्याला तीच हवी. मग करडईचं तेल. किती? तर फडक्याला लावायचं, फडकं तव्यावर फिरवायचं, आणि नंतर दुसऱ्या कोरड्या फडक्यानं ते सगळं असं पुसायचं की जणू चुकून लागलं होतं. बायकोला हे पटेना. लावायचंच आहे तर पुसायचं कशाला? आई म्हणाली, "जास्त लावलं त चिकट राह्यते. माणसाचंबी तसंच हाय." पुसलेला तवा धूर निघेपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. पहिल्या दिवशी चार वेळा. मग रोज एकदा. आई त्याला सीझनिंग म्हणत नाही. ती म्हणते, "तवा रुयला पाह्यजे," म्हणजे रुळला पाहिजे. नवी सून, नवा बैल आणि नवा तवा यांना आमच्याकडं एकच क्रियापद आहे, हे बायकोनं टिपून ठेवलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तवा हसला. शहरातल्या वाचकासाठी सांगतो: चुलीवरून तवा उतरवून उलटा केला की बुडाच्या काजळीत लाल ठिणग्या इकडून तिकडं पळतात, विझतात, पुन्हा पळतात. त्याला तवा हसला म्हणतात, आणि तो हसला की पाहुणा येतो. बायको खाली वाकून बराच वेळ ते पाहत होती. गॅसवर तवा हसत नाही. पाहुणे तरीही येतात, पण अगोदर कळत नाही.

पाचव्या दिवशी पहिलं धिरडं घातलं. ते तव्यानं खाल्लं. दुसरं अर्धं खाल्लं. सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, खरवडून जे निघालं त्याला आम्ही झुणका म्हणून जेवलो.

ऑक्टोबरात पुण्यतिथीचा महोत्सव आला. दिंड्या, भजनं, खंजिरी, राहुट्या, आणि रस्त्याच्या दुतर्फा दुकानं. आईनं सुनेला बरोबर घेतलं आणि म्हणाली, "चाल, तुले तुहा तवा घेऊन देतो. मंग घास का पूज, तुही मर्जी." सासूनं सुनेला दागिना घेऊन देण्याचा प्रसंग मी अनेक घरांत पाहिला आहे; त्यात एवढी चिकित्सा नसते.

आधी आम्ही गाडी लोहारांच्या पालापाशी थांबलो. नक्षीच्या बैलगाड्या घेऊन फिरणारी ही मंडळी चितोडची. अकबरानं १५६८ मध्ये चितोड घेतलं तेव्हा, पुन्हा गड मिळेपर्यंत घरात राहणार नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं ती सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं चितोडगडावर नेलं, शपथ सुटली म्हणून जाहीर केलं. तरी बरीचशी अजून रस्त्याच्या कडेलाच आहेत. त्यांची बाई भाता चालवत होती आणि म्हातारा घण घालत होता. त्यांची कढई ठोकून घडवलेली. ती पडली तर पोचा येतो, फुटत नाही. आईनं तिथून एक सराटा घेतला, पण तवा नाही. तिला बीड हवं होतं.

लोक दोन्हीला लोखंडी तवाच म्हणतात, आणि फसतात. बीड म्हणजे ओतीव. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळं ते शुद्ध लोखंडापेक्षा तीनेकशे अंश कमी तापमानाला वितळतं आणि वाळूच्या साच्यात पाण्यासारखं ओतता येतं. त्याच कार्बनपायी ते ठिसूळही होतं. बीड वाकत नाही, तुटतं. इंग्लंडात अब्राहम डार्बीनं वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट १७०७ मध्ये घेतलं. मराठी शेतकऱ्याच्या हाती ओतीव लोखंड आलं ते भांड्याच्या नव्हे, नांगराच्या रूपानं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर पहिल्यांदा कोणी घेईना, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची खात्री होती. पुढं १९१० मध्ये त्यांची किर्लोस्करवाडी वसली आणि जमीन काही मेली नाही. आता कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून बिडाचं काय काय ओतून निघतं. जमिनीला विष चढेल म्हणून लोखंड नाकारणाऱ्यांची पणतवंडं अंगात लोह वाढावं म्हणून लोखंडी तवा शोधत फिरतात, एवढाच काय तो काळाचा महिमा.

बिडाच्या दुकानात आईनं अकरा तवे नापास केले. सासऱ्यांना अभिमान वाटला असता. प्रत्येक तवा एका कानाला धरून लोंबता ठेवायचा आणि बोटाच्या पेरानं टकटक करायची. चांगला तवा खणकन बोलतो, बारीक तडा असेल तर मडक्यासारखा बद्द वाजतो. मग तो सपाट फळीवर ठेवून डुलतो का पाहायचं. मग आतून तळवा फिरवायचा. थोडा खरखरीतपणा चालेल, कारण तो कवचाला पकड देतो. पण भोकं नकोत, ओतताना हवा अडकली की ती पडतात. जाडी सगळीकडं सारखी हवी, नाहीतर धिरडं एका बाजूनं जळतं आणि दुसऱ्या बाजूनं रडतं. वजन भरपूर हवं, मात्र ते उचलणारी दुकानदार नसून आपण आहोत हे लक्षात ठेवून. आणि काळा रंग मारलेला चकचकीत तवा दिसला की पुढच्या दुकानात जायचं. दुकानदार म्हणाला, "मावशी, याले काही करा लागत नाही, रेडिमेड रुळलेला हाय." आई म्हणाली, "मंग तूच ठेव बाप्पा."

बारावा घेतला.

आमच्या डॉक्टरांनी बायकोला लोखंडी भांड्यात शिजवायला सांगितलं होतं, रक्त कमी म्हणून. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. लोखंडी कढईतून अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं, आंबट पदार्थात जास्त. गोळ्यांची जागा मात्र ती घेत नाही. कंबोडियात याच कामासाठी एका कॅनेडियन विद्यार्थ्यानं बायांना गंजात (वऱ्हाडी अर्थानं) टाकायला लोखंडाचा तुकडा दिला होता. कोणी टाकेना. मग त्याला तिथल्या शुभ मानलेल्या माशाचा आकार दिला, तेव्हा बायांनी तो मानानं घरात घेतला. आमच्याकडं माशाचं काही जमणार नाही. शेगावच्या कचोरीचा आकार दिला तर पुरुषही टाकतील. एरवी बहुतेक घरांत लोखंडी कढई उरली आहे ती फक्त डोक्याला लावायची मेंदी भिजवायला. सगळं लोह केसांना, रक्ताला काही नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. दोन्ही तवे खिळ्याला आहेत. आजीचा पुन्हा काळा झाला. बायकोचाही झाला, आणि तो घासायला तिनं कामवाल्या बाईला आजवर दिलेला नाही. तारेची घासणी आई अजून स्वतःच्या कपाटात ठेवते, ती निव्वळ सवय. दुधाच्या गंजाला मात्र आमच्या घरात आता सगळे पातेलं म्हणतात. अख्ख्या आळीत तेवढं एकच घर.

मागच्या पुण्यतिथीला सासरे आले होते. निवृत्त झालेत, पण डोळे कामावरच आहेत. गरम धिरडं ताटात पडायची वाट पाहता पाहता ते ओट्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, आजीच्या तव्यावरून अंगठा फिरवला आणि डाव्या कानापाशी थांबले.

"इथं गंज आहे," म्हणाले.

"हाव ना भाऊ," आई चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "दूध हाय त्याच्यात, सांडू नका."

ते सात धिरडी जेवले. डाव्या कानाजवळचा तो तांबूस ठिपका अजून तिथंच आहे. त्याला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही.